पाकाचा धंदा: साखरगाठीपासून रावळगावच्या गोळीपर्यंत

खडीसाखर

मिठाईच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते, ते बहुतेक खवा, तूप आणि बेसन यांच्याभोवती फिरते. नुसत्या साखरेच्या किंवा गुळाच्या पाकावर जगणारा एक वेगळा धंदा महाराष्ट्रात होता आणि थोडाफार अजूनही आहे, त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बत्तासे, साखरगाठी, रेवड्या, गुडदाणी, खडीसाखर, तिळाचा हलवा आणि पुढे आलेली लिमलेटची गोळी ही सगळी त्याच धंद्याची लेकरे आहेत. त्यांची सलग गोष्ट मांडता येते का, हे पाहण्यासाठी हा धागा काढत आहे.

माझे आजोळ नगर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी होते. आमच्या वाड्यामागे बत्तासे करणाऱ्यांचे एक घर होते. वर्षभर ते बत्तासे आणि फुटाणे विकत, पण महाशिवरात्र उलटली की त्यांच्या ओसरीवर साखरगाठींचे सागवानी साचे निघत. लांबट फळीत ओळीने कोरलेल्या वाट्या आणि त्यांना जोडणारी एक बारीक खाच, असा तो साचा असे. साचे आधी पाण्यात भिजवून ठेवत, कारण कोरड्या लाकडाला साखर चिकटून बसते. खाचेत दोरा ताणून ठेवण्याचे काम आम्हा मुलांना मिळे. कढईतला पाक उकळू लागला की त्यात दुधाचा हबका मारला जाई आणि साखरेतली मळी फेसाबरोबर वर आली की ती झाऱ्याने काढली जाई. त्यानंतरचे काम मात्र घरातला कर्ता पुरुष दुसऱ्या कोणाला करू देत नसे. पळीच्या पाठीने तो कढईच्या कडेला थोडासा पाक घोटत राही आणि आरपार दिसणारा पाक पाहता पाहता दुधाळ होई. त्याच क्षणी तो साच्यात ओतावा लागे, कारण आणखी थोडा वेळ गेला तर सारा माल कढईतच दगड होऊन बसे. पाव तासाने फळी उपडी करून ठोकली की पांढरीशुभ्र माळ दोऱ्यासकट खाली येई.

हा धंदा हलवायाच्या धंद्याहून वेगळा का राहिला, याचे उत्तर मला त्याच्या गिऱ्हाइकात दिसते. खव्याचा पदार्थ दोन-चार दिवसांचा सोबती असतो, पण बत्तासा महिनाभर टिकतो. पंढरपूर, जेजुरी किंवा आळंदीहून चालत परतणाऱ्या माणसाला चुरमुरे, डाळे आणि बत्तासे यांचाच प्रसाद परवडत असे आणि तो घरी पोहोचेपर्यंत जसाच्या तसा राहत असे. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे पंचांग. संक्रांतीला हलवा, होळीला आणि पाडव्याला गाठी, देवळात रोज खडीसाखर आणि बारशाला बत्तासे असे या कारागिराचे वर्ष ठरलेले असे. खानदेशात होळीला गाठीच्या जोडीने साखरेची कडीही करतात आणि त्या जोडीला हारकडे म्हणतात. बाजारपेठेतले मिठाईचे दुकान माणसाच्या हौसेवर चाले आणि हा धंदा रिवाजावर चाले, असे मी म्हणेन.

आता कच्च्या मालाविषयी. देशावर गूळ मुबलक होता, पण पांढरी साखर बराच काळ बाहेरून येत असे. मॉरिशसहून येणाऱ्या साखरेला आपल्याकडे ‘मोरस’ म्हणत आणि हा शब्द जुन्या पिढीच्या तोंडी अगदी परवापर्यंत होता. पुढे जावाची साखरही आली. परदेशी साखर शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात, म्हणून सोवळ्यातली माणसे ती वर्ज्य मानत आणि स्वदेशीच्या चळवळीत या आक्षेपाला राजकीय धारही चढली. १९३२ च्या कायद्याने देशी साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळाले आणि त्यानंतर आपल्याकडे कारखाने झपाट्याने उभे राहिले. प्रवरानगरचा सहकारी कारखाना त्यानंतरचा, १९५० च्या सुमाराचा. गावोगावच्या बत्तासेवाल्याला जवळच्या कारखान्याची साखर पोत्याने मिळू लागली, हा माझ्या मते या धंद्यातला फार मोठा बदल होता.

यंत्रावर बनणारी गोळी मात्र याच्या थोडी आधीच आली होती. मोहनलाल चौहान यांनी १९२९ मध्ये विलेपार्ल्याला कारखाना काढला, तो बिस्किटांसाठी नव्हे तर गोळ्यांसाठी. त्यांनी जर्मनीत जाऊन हे काम पाहिले आणि तिथूनच यंत्रे आणली. संत्र्याच्या स्वादाची गोळी हा त्यांच्या पहिल्या मालांपैकी एक होता. पार्ल्याचे बिस्किट दहा वर्षांनी आले आणि त्याने कारखान्याचा मूळ धंदाच लोकांच्या विस्मरणात टाकला. पार्ल्यातला तो जुना कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तेव्हा आलेल्या बहुतेक लेखांत बिस्किटाच्या वासाचीच आठवण होती.

रावळगाव, लोणावळा आणि कोकण यांविषयी जाणकारांनी भर घालावी, अशी विनंती आहे.

मोसमकाठ

धागा आवडला. मी मालेगावचा असल्यामुळे रावळगावविषयी लिहिणे मला भागच आहे.

सोलापूरचे वालचंद हिराचंद हे नाव लोकांना जहाजे, विमाने आणि मोटारी यांमुळे ठाऊक असते, परंतु आमच्या तालुक्यात ते उसामुळे ठाऊक आहे. रावळगावच्या माळरानावर त्यांनी आधी शेती वसवली आणि १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना उभा केला. संरक्षणाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता, हे आपण वर लिहिलेच आहे. गोळ्यांचा विभाग १९४२ मध्ये सुरू झाला. साखर, पाणी आणि मजूर हे तिन्ही एकाच आवारात असणारा गोळ्यांचा कारखाना ही त्या काळी मोठी सोय होती. मुंबईच्या कारखानदाराला पोते विकत घ्यावे लागे, तर यांच्या घरचेच पोते होते.

आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती. मला आठवते ते असे की शिजलेला साखरेचा गोळा एका थंड लोखंडी मेजावर पसरलेला होता आणि हातमोजे घातलेली माणसे त्याच्या कडा आत दुमडून रंग आणि अर्क मळत होती. घरात कणीक मळतात तसेच ते दिसत होते, फक्त ही कणीक चटका बसण्याइतकी गरम होती. नंतर तिची जाड वात करून ती यंत्रात जाई आणि दुसऱ्या टोकाला टपटप गोळ्या पडत. निघताना प्रत्येकाच्या हातावर तुटक्या गोळ्यांची मूठ ठेवली गेली. वेष्टन नसलेली रावळगावची गोळी खाण्याचा मान आमच्या वर्गाला मिळाला, हे आम्ही बरीच वर्षे इतरांना ऐकवत होतो.

‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ आणि ‘कॉफी ब्रेक’ ही नावे पुढे घरोघरी गेली. कडक बोलणारी बाई गोळी तोंडात टाकताच मधाळ बोलू लागते, ही दूरदर्शनवरची जाहिरात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती आजही आठवते. विड्याची चव गोळीत उतरवण्याची कल्पना मला त्या मालातली सर्वांत देशी गोष्ट वाटते, कारण लिंबू, संत्रे आणि पुदिना ही साहेबाच्या गोळीची चव होती, तर जेवणानंतरचा विडा आपला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत या गोळ्यांची नावे आणि कृती रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतल्या. कच्चा माल, इंधन आणि मजुरी यांचे वाढते दर किमतीत वसूल होत नव्हते, असे जुन्या कंपनीने त्या वेळी सांगितले. पन्नास पैशांच्या गोळीचा एक रुपया करायचा म्हणजे भाव एकदम दुप्पट होतो, आणि मधली किंमत ठेवावी तर त्यासाठी नाणेच नसते, ही या धंद्याची खरी कोंडी आहे.

रविवारची_न्याहारी

आपणा दोघांनाही एक साधा प्रश्न विचारते. घरी लिमलेटसारखी गोळी करण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा ती काचेसारखी न होता गाठीसारखी पांढरी आणि ठिसूळ झाली. साखर तीच आणि पाकही तोच असताना असे का होते?

खडीसाखर

आपल्या बिघडलेल्या गोळीतच या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे, असे गमतीने म्हणता येईल.

साखरेच्या पाकाला दोनच वाटा असतात. एका वाटेने त्याचा पुन्हा दाणा होतो आणि दुसऱ्या वाटेने तो दाणा न धरता तसाच गोठून काच होतो. बत्तासा, गाठी, हलवा आणि खडीसाखर ही सारी पहिल्या वाटेची कामे आहेत. खडीसाखरेत दोऱ्यावर दाणा सावकाश वाढू देतात आणि गाठीत पाक घोटून तो एका क्षणात उमटवतात, एवढाच काय तो फरक. लिमलेटची गोळी दुसऱ्या वाटेची आहे. तिच्यासाठी पाक १५० अंश सेल्सिअसच्या आसपास चढवावा लागतो, म्हणजे त्यात पाणी जवळजवळ उरत नाही. पण नुसती साखर इतकी शिजवली तरी थंड होताना तिला आपला जुना दाणा आठवतोच. ती आठवण मोडण्यासाठी पाकात परकी साखर मिसळावी लागते. कारखाने मक्याच्या पिठूळ सत्त्वापासून केलेले घट्ट ग्लुकोज वापरतात. घरी लिंबाचा रस घातला तरी काही साखर फुटून तेच काम होते. पुढच्या वेळी पाकात लिंबू पिळा आणि उकळी आल्यावर अजिबात ढवळू नका. कढईच्या कडेला चिकटलेला एखादा कणसुद्धा सगळा पाक बसवू शकतो, म्हणून कडा ओल्या कापडाने पुसत राहा.

आपल्या जुन्या कारागिरांनी पांढऱ्या साखरेची काच का केली नाही, याचे माझे उत्तर असे आहे की त्यांना तिची गरजच नव्हती. काच हवेतले पाणी ओढते आणि दोन दिवसांत चिकट होते. तिला हवाबंद बरणी लागते किंवा प्रत्येक गोळीला कागद लागतो. उघड्या टोपलीत, यात्रेच्या धुळीत विकायच्या मालाला दाणाच बरा. कागद गुंडाळणारे यंत्र आल्यावरच काचेची गोळी खेड्यातल्या टपरीवर पोहोचली.

घाटमाथा

वरील विवेचनाला एक मोठा अपवाद आहे आणि तो म्हणजे चिक्की. ती काचच आहे, पण गुळाची. गुळात फुटलेली साखर मुळातच असते, त्यामुळे लिंबू किंवा ग्लुकोज न घालताही तो दाणा धरत नाही. आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानात ‘चिक्कीचा गूळ’ वेगळा मागावा लागतो आणि तो नेहमीच्या गुळापेक्षा गडद आणि चिवट असतो, हे घरातल्या बायकांना चांगले ठाऊक आहे. साध्या गुळाची चिक्की खुटखुटीत होत नाही.

लोणावळ्याची कथा रेल्वेशी बांधलेली आहे. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. घाटात राबणाऱ्या मजुरांसाठी गूळ आणि शेंगदाण्यांची गुडदाणी विकली जाई आणि पुढे तीच गाडीतल्या प्रवाशांना विकली जाऊ लागली, असे तिथले जुने दुकानदार सांगतात. मगनलाल हे नाव आपली सुरुवात १८८८ ची सांगते. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट गाडीचा थांबा ही वाटते. घाट चढण्या-उतरण्यासाठी गाडीला जादा इंजिन जोडावे किंवा सोडावे लागत असल्यामुळे ती या टप्प्यात हमखास थांबत असे. थांबलेल्या गाडीतला उतारू खिडकीतून हात बाहेर काढतो आणि त्या हातात द्यायला न सांडणारा, न नासणारा आणि चपटा पुडा लागतो. अशा परीक्षेत पेढा नापास होतो आणि चिक्की पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते. द्रुतगती मार्ग झाल्यावर गिऱ्हाईक गाडीतून मोटारीत गेले, पण घरी काहीतरी घेऊन जाण्याची सवय कायम राहिली.

काम पाहायचे असेल तर दुकानामागच्या भट्टीवर जावे. गूळ शिजत आला की कारागीर त्याचा थेंब पाण्यात टाकतो आणि तो थेंब भांड्याच्या बुडाशी वाजला तरच दाणे घालतो. त्यानंतर तूप लावलेल्या पाटावर ते मिश्रण ओतणे, लाटणे आणि सुरीने आखणे हे सारे दोन-तीन मिनिटांत उरकावे लागते, कारण थंड झालेली चिक्की कापली जात नाही, ती फुटते.

देवगडी

कोकणाविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे पावसाचे चार महिने हवाच इतकी ओली असते की चिक्की डब्यातच पाझरते. त्यामुळे आमच्या जत्रांतला राजा खाजे हा आहे. बेसनाची जाडसर शेव तळून ती आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवतात आणि सुके होईपर्यंत हलवत राहतात. आतला तळलेला गाभा कुरकुरीत राहतो आणि बाहेरचा गूळ थोडा मऊ पडला तरी बिघडत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेत खाज्याच्या दुकानांची रांग पाहिली म्हणजे हा धंदा किती मोठा आहे ते कळते. दुकानदार एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला पाले घेऊन फिरतात आणि त्यांचे कायमचे दुकान कित्येकदा नसतेच. गोव्यातही हेच खाजे फेस्ताच्या आणि जत्रेच्या फेरीत विकले जाते आणि गोव्याच्या खाज्याला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पाक एकच असला तरी देवळासमोर आणि चर्चसमोर एकाच टोपलीतून विकला जाणारा दुसरा पदार्थ मला आठवत नाही.

शब्दवेडा

साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. तो खव्याचा आहे हे मान्य, पण त्याच्या नावात पाकाचा इतिहास आहे. साहेबाने पेढा खाऊन त्याला ‘कँडी’ म्हटले आणि त्याचे ‘कंदी’ झाले, ही कथा साताऱ्यात कोणीही ऐकवतो. मला ती पटत नाही. गुलकंद आणि कलाकंद या शब्दांतला ‘कंद’ आपल्याकडे साहेबाच्या आधीपासून आहे. तो फारसी आहे, त्याचा अर्थ साखर असा आहे आणि ‘कंदी’ हे त्याचे सरळ विशेषण होऊ शकते. मौज अशी की फारसीतला हा ‘कंद’ मुळात संस्कृतातल्या ‘खंड’ शब्दावरून गेलेला आहे आणि त्याच ‘खंड’ची एक शाखा अरबी आणि फ्रेंच यांच्या मार्गाने इंग्रजीत जाऊन ‘कँडी’ झाली. म्हणजे साहेबाचा शब्द आणि पेढ्याचा शब्द हे दोघे चुलत भाऊ आहेत आणि आपली ‘खांड’ त्यांच्या घरातली वडीलधारी आहे. चुलतभावांना बापलेक ठरवण्याची चूक मात्र करू नये.

खडीसाखर

शब्दवेडा यांचे म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते. साताऱ्याचा पेढा खरपूस भाजलेल्या खव्याचा असल्यामुळे त्याला साखर कमी लागते, हा एक आक्षेप त्यावर येऊ शकतो. परंतु नावे पडतात तेव्हा पदार्थाचे प्रमाण कोणी तपासत नाही.

संक्रांतीच्या हलव्याविषयी मात्र कोणीच लिहिले नाही. पाकाच्या कामातले सर्वांत नाजूक काम ते आणि ते बहुतांशी बायकांनी घरात केलेले, म्हणून धंद्याच्या इतिहासातून तेवढेच सुटते.

माई_गिरगाव

मी इथे क्वचित लिहिते, पण हलव्याचे नाव निघाले म्हणून राहवले नाही. गिरगावात आमच्या चाळीत तीन घरे हलवा करून विकत आणि त्यातले एक आमचे होते. मार्गशीर्ष लागला की आई कोळशाची शेगडी मंद करून तिच्यावर परात ठेवत असे. परातीत खसखस, तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा, त्यावर एकतारी पाकाचा एक चमचा सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचे. सुकला की पुढचा चमचा. एका वेळी पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि शेगडी तापली तर काटा झडून गोळी गुळगुळीत होते. चांगल्या काट्याला दोन-तीन दिवस लागत आणि तोही पहाटेच्या थंडीत जितका फुले तितका दुपारी फुलत नसे. मुंबईची थंडी ती केवढी, म्हणून आई पहाटे चारला बसत असे. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोके पौषात सोललेली असत आणि जेवताना मिठाच्या भाजीने ती चुरचुरत.

त्या दाण्यांतून मग नव्या सुनेचे दागिने आणि बोरन्हाणाच्या बाळाचा मुकुट गुंफला जाई. मोठे टपोरे दाणे हाराला, बारीक खसखशीचे नथीला. एका दुकानदाराने, नाव सांगत नाही, एके वर्षी आईचा सगळा माल दमट झाल्याचे सांगून अर्ध्या भावात घेतला आणि तोच संक्रांतीच्या आदल्या दिवशी काचेच्या कपाटात पूर्ण भावाने मांडला. त्यानंतर तिने दुकानाला माल दिला नाही, चाळीच्या जिन्यात पाटी लावून विकला.

हॉटेलात बिलाबरोबर येणाऱ्या रंगीत बडीशेपेच्या गोळ्या पाहिल्या की मला ही परात आठवते. ते कामही पाक चढवून सुकवण्याचेच आहे, फक्त तिथे बोटांच्या जागी फिरणारे तांब्याचे किंवा पोलादाचे मोठे भांडे असते. ते भांडे फिरताना दाणे एकमेकांवर घासतात, म्हणून त्यांना काटा येत नाही.

रविवारची_न्याहारी

माई, मुंबईत आता पहाटेही उकडते. पंखा किंवा वातानुकूलन लावून हलव्याला काटा येतो का?

माई_गिरगाव

पंख्याने शेगडीची आच एका बाजूला पळते आणि अर्धीच परात सुकते, म्हणून पंखा नको. थंड केलेल्या बंद खोलीत माझ्या सुनेने मागच्या वर्षी गॅसच्या बारीक आचेवर तवा आणि तव्यावर परात ठेवून केला. काटा आला, पण आखूड. पहिला चमचा घालण्याआधी खसखस कोरडी भाजून घ्या आणि पाकात लिंबाचा थेंबही पडू देऊ नका. वर खडीसाखर यांनी काचेसाठी जे सांगितले आहे, त्याच्या बरोबर उलट इथे करायचे असते.